गिऱ्हाईक

मोटारसायकल व्हर्नाला घ्यायची होती.
मला नाही.
मी तिचा धाकटा भाऊ. तिचा ट्रक गॅरेजमध्ये पडलेला,
म्हणून ग्लेंडाइव्हहून माझ्या गाडीतून निघालो, एवढंच.
मला तर सायकलही
उतारावर ब्रेक दाबूनच चालवता येते.

बिलिंग्जच्या पहिल्या दुकानाची काच इतकी स्वच्छ
की आधी आम्हीच आम्हाला दिसलो:
ती पुढे, मी मागे.
आत गेलो आणि क्रम उलटला.
विक्रेत्याचा हात तिला ओलांडून
माझ्यापर्यंत आला.
काय दाखवू, सर?
मी म्हटलं, हिला विचारा.
हो हो, तो हसला, बाईंना मागची सीट आरामशीर हवी!

व्हर्नानं विचारलं, चेन आहे की शाफ्ट?
उत्तर त्यानं मला दिलं.
तिनं विचारलं, व्हॉल्व्ह किती मैलांनी तपासायचे?
उत्तर त्यानं मला दिलं, आणि तेही चुकीचं.
मी दोन हातांवर उभ्या बहिणीला
त्याची उत्तरं पोचवत राहिलो,
जणू ती कुठल्या परक्या देशात राहते.

एकवीस वर्षं कालवा-खात्यात पंप दुरुस्त करतेय ती.
नुसत्या आवाजावरून सांगते, कुठलं बेअरिंग जाणार
आणि साधारण कुठल्या महिन्यात.

दुसऱ्या दुकानात कॉफी मिळाली.
तिनं भाव विचारला.
त्यानं भाव सांगितला, दिला नाही.
वाहतुकीचे, जोडणीचे, कागदांचे,
आणि एक ओळ अशी की तिचं नाव त्यालाही वाचता येईना.
मग तिचं लायसन्स घेऊन गेला, फक्त झेरॉक्स म्हणून,
आणि मॅनेजरशी बोलत बसला
पंचवीस मिनिटं.
लायसन्स नाही तर उठता येत नाही,
हे त्यालाही ठाऊक होतं.
व्हर्ना उठली. काउंटरमागे गेली,
स्वतःचा फोटो स्वतः उचलून आणला.

लुइसटाउनला ओडेल प्रूइटची शेड.
दारात कुत्रं, त्याला ओलांडूनच आत जायचं.
ओडेलनं हातातला बोल्ट पूर्ण आवळला,
मग वर पाहिलं. तिच्याकडे.
याआधी काय चालवलंयस?

एवढंच विचारलं त्यानं.
आणि माझी चोपन्न वर्षांची बहीण
बोलायला लागली:
बीटाच्या शेतातली वडिलांची जुनी गाडी,
तीन वर्षं तिचीच होती म्हणे,
किक मारताना पिंडरीला बसलेला मार,
वासराच्या मागे नाल्यात घातलेली उडी.
पुढे काय झालं गाडीचं?
विकली, ती म्हणाली. याच्या दातांना तारा बसवायच्या होत्या.

मी कुत्र्याकडे पाहिलं.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी कधी विचारलंही नव्हतं.

ओडेलनं तिला आपल्या गाडीवर बसवलं,
टाच जमिनीपासून किती वर राहते ते बोटांनी मोजलं.
म्हणाला, तुझ्या उंचीची माझ्याकडे नाही.
आहे ती बिलिंग्जला. तिथंच घे.
पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं
किती द्यायचे, आणि काय अजिबात द्यायचं नाही.

तर गाडी शेवटी त्या पहिल्याच दुकानातून आली.
व्हर्नानं पुठ्ठा टेबलावर ठेवला
आणि तोंडातून शब्द काढला नाही.
सह्या तिच्या. चेक तिचा.
किल्ली त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

आयुष्यात एकदाच वेळेवर सुचलं मला काही.
किल्ली परत त्याच्या हातात दिली
आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो.
फेब्रुवारी. मार्च. एप्रिलपर्यंत पोचलो
तेव्हा मागे इंजिन सुरू झालं.

आता ऑइल बदलायला ती लुइसटाउनला जाते,
वाटेत चार दुकानं मागे टाकत, दोनशेवर मैल.
ओडेल पैसे घेतो, पूर्ण घेतो.
मागच्या खेपेला मी म्हटलं,
निम्मे मी देतो, त्या दातांचे.
ती म्हणाली, तोंड मीट
आणि हेल्मेट धर.