शेपटीला आग

पुस्तक म्हणतं, शब्द मोडायचा.
आधी डोकं, मग धड, मग शेपूट.
शेपटीला आयटिस असलं की समजायचं,
तिथे आग आहे.

नंदुरबारच्या हॉस्टेलात लाइट गेली
की मोबाइलच्या उजेडात आम्ही मोडत बसतो.
गॅस्ट्रो. हिपॅटो. नेफ्रो.
रमिला पावरानं फोन लावून आईला विचारलं,
नेफ्रो, म्हणजे मूत्रपिंड, त्याला आपल्यात काय म्हणतात?
आई म्हणाली, बकऱ्याचं का माणसाचं?

मंगळवारी बेड नंबर अकरा, झिपरू आप्पा.
काय होतंय, आप्पा?
"काय सांगू बेटा, जीव खाले-वर व्हस."
मी डोकं शोधलं, शेपूट शोधलं.
पेन तसाच कागदावर टेकलेला.
वळवी मॅडम मागून म्हणाल्या,
तो बोलला तेच लिही, अवतरणात.
आणि शुद्ध करू नको.

रविवारी आई आली,
मिरचीच्या पथारीवरून थेट,
हात पदरात गुंडाळलेले.
डर्मटायटिस, मी मनात म्हटलं,
त्वचा अधिक आग,
पैकीच्या पैकी मार्क.
"हातनी आग व्हस," ती म्हणाली,
हवापाण्याचं बोलावं तसं,
आणि कळण्याची भाकर माझ्याकडे सरकवली.
तूच मोड.

मी मोडली.
तिनं पदर झटकला
आणि गेटवरच्या वॉचमनसकट
सगळ्यांना शिंका सुटल्या.