लाल दुवा

माझगावच्या पाणीखात्यात, पंपाच्या खोलीमागे
सर्व्हरवर विकी चढवला.
डेटाबेसचं नाव विचारलं, ‘पाणी’ दिलं.
पहिलं पान उघडलं
तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

मागे घाडीगावकर चावीवाले,
एकतीस तारखेला रिटायर.
म्हणाले, बरोबरच दाखवतोय की,
गल्लीखाली काय आहे कोणाला ठाऊक?

एन्कोडिंग बदललं. अक्षरं उतरली.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो:
नाक्यावरची चावी, साडेअकरा आटे.
बारावा दिलात की टेकडीवरच्या चाळी कोरड्या.

संपादनाचा हक्क कोणाला?
‘जो पहाटे साडेतीनला उठेल त्याला.’
असा पर्याय सेटिंगमध्ये नव्हता.

एक दुवा लालच राहिला: बावडीची जुनी लाइन.
ती लिहून नाही कळायची, म्हणाले,
सळई रस्त्याला टेकवा,
कान लावा.