सहा सेडी

सहाशे चाळीस सेडी
मंगळवारी सकाळी सव्वानऊला माझ्या फोनवर आले,
मी बॉबिनमध्ये दोरा भरत होते तेव्हा.
पाठवणारा : कोबिना एजिर.
या नावाच्या कुणाचंही कापड
माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

एवुरामाची फी बरोबर सहाशे.
पहाटे गुडघे टेकून मी आकड्यासकट मागितली होती,
देवाचा हिशेब चुकू नये म्हणून.
आता वर चाळीस आले,
तर ती दशांशाची सोय नाही तर काय?
(दशांश चौसष्ट होतो. ते मी तेव्हा धरलं नाही.)

फोन वाजला. अनोळखी नंबर. मी मशीन चालवली.
पुन्हा वाजला. मशीन.
तिसऱ्यांदा वाजला आणि शेजारच्या अंगणात कोंबडा आरवला.
पण ताकोरादीत कोंबडे दिवसभर आरवतात,
त्यांचं काय मनावर घ्यायचं!

शिवाय फसवाफसवी असते.
नाक्यावर केंकी विकणाऱ्या फिलोमिनाला
असाच फोन आला : आई, चुकून आले, परत पाठव.
तिने पाठवले. आले कधी नव्हतेच,
नुसता संदेश होता.
प्रभू, सापासारखं शहाणं व्हायला सांगितलंस
आणि कबुतरासारखं भोळंही;
एका डोक्यात ही दोन जनावरं ठेवायची कुठे
तेवढं सांगायचं राहिलं.

शिल्लक तपासली.
पैसा खरा होता.
आता शहाणपणाची सबब उरली नाही.

पाळक बाफो झग्याचं माप द्यायला आले.
म्हणाले, "देवानेच दार उघडलं, बाई. रविवारी साक्ष दे."
चर्चच्या छपराचे पत्रे बाकी आहेत, मला ठाऊक आहे.
छाती बेचाळीस.
टेप गुंडाळता गुंडाळता एकदम वाटलं,
या टोकाने मी मापते,
त्या टोकाला कोण धरून उभं आहे?

चौथ्यांदा उचलला.
म्हातारा आवाज, मागे समुद्र.
डिक्सकोव्हहून. होडीच्या इंजिनाचा पंखा घ्यायचा होता,
आठाऐवजी तीन दाबला गेला,
चष्मा नातीने फोडलाय,
चार दिवस होडी वाळूवर आहे.
म्हणजे माझ्या प्रार्थनेचं उत्तर
दुसऱ्याच्या खिशातून निघालं होतं,
आणि त्यानेही गुडघे टेकले असणार,
त्याच देवापुढे, आकड्यासकट.

मी पाठवले. पाठवणावळ सहा सेडी, ती कापून.
चूक त्याची, भुर्दंड मी का सोसू?
दहा मिनिटांत फोन.
आभार झेलायला मी आवाज गोड केला.
"सहा कमी आहेत," म्हातारा म्हणाला.

मी काय काय बोलले ते
मेथडिस्ट बाईने बोलू नये असं होतं.
मग मशीनवर बसले आणि सुई मोडली.

रात्री फी नव्हती, साक्ष नव्हती, झोप नव्हती.
सहा सेडी तेवढे होते,
बुटातल्या खड्यासारखे.
सहाशे चौतीस परत करणारी प्रामाणिक बाई
सहासाठी जागी!
पैसे परत करायला मी निघालेच नव्हते.
शाबासकी विकत घ्यायला निघाले होते,
आणि तीही भाव पाडून.

सकाळी सहा पाठवले. त्यावर पुन्हा पाठवणावळ पडली.
उत्तर आलं नाही.
हेडमास्तरांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली,
तोंड वाकडं करून.

आता एवुरामाचा गणवेश उसवते आहे.
पोर वाढली.
शिवताना मी आत दोन बोटं कापड दुमडून ठेवते,
बाहेरून कळत नाही.
ऊन न लागल्यामुळे तो पट्टा
बाकीपेक्षा गडद निघतो, जवळजवळ नवा.

प्रभू, मला शिवलंस तेव्हा
सोडलं होतंस का असं काही आत?
बघ ना उसवून.
हलक्या हाताने.