रूम टोन

ओशिवऱ्याच्या तळघरात माझं दुकान.
दुकानच म्हणायचं : करवंट्या, मोडकी छत्री,
वाळूचा ट्रे, सात बूट, सगळे डाव्या पायाचे.
पडद्यावरचं माणूस चाललं की मी चालतो.
माझं नाव येतं तोवर
लोक खुर्चीखाली चपला शोधत असतात.

एबिएरे आली तेव्हा सत्तावीस वर्षांची,
काखेत हार्ड डिस्क, टॉवेलात गुंडाळलेली.
तिसरा सिनेमा. आधीचे दोन येनागोआत,
लग्नांच्या शूटिंगमधून पैसे वाचवून.
नवरीच्या आत्या रडायच्या थांबत नसत,
तिथे शिकले म्हणाली, कट कुठे करायचा.

संवाद ती पाठकोऱ्या पावत्यांवर लिहिते.
मीरा रोडचा एजंट फोनवर बोलला,
"तुमच्या लोकांना सोसायटी नको म्हणते,
माझं काही नाही हो मॅडम,"
ते तिने तारखेसकट उतरवून ठेवलं.
'माझं काही नाही' म्हणजे काय, मला दोनदा विचारलं.
मी सांगितलं. दुसऱ्यांदा जरा कमी.

शेवटी आई अंगणात मासे साफ करते,
बाप न सांगता गेलेला.
मी सुरी घासली, खवल्यांसाठी लसणाची सालं चुरली,
मागची घरघर पार पुसून काढली, ऐटीत.
ती ऐकत राहिली.
मग म्हणाली, जनरेटर कुठे गेला?

पहिल्या सिनेमातून तो निघता निघत नव्हता.
परीक्षकांनी लिहिलं होतं, कथा बरी, आवाज गचाळ.
आता निघालाय, तर परत हवा.
"आमच्याकडे रात्र त्याच्यावर चालते.
तो बंद पडला की आईला कळतं,
तेल भरणारं माणूस घरात नाही."

रात्री साडेअकराला लोखंडवाल्यात
एका व्हॅनिटी व्हॅनमागे आम्ही माइक धरून.
ड्रायव्हर पेडणेकर हसला,
"ह्याला सगळे शिव्या घालतात,
आवाज घ्यायला कोणी आलं नव्हतं."
चहावर त्याने बंद करून दाखवला.
तिला पटेना. परत. परत.
पाचव्यांदा यंत्र खोकलं,
दोन आचके देऊन बसत गेलं,
आणि मग
कुत्रं नाही, हॉर्न नाही,
अंधेरीत असं होत नाही.
तिने माझा दंड धरला : श्वास घेऊ नका.

एकोणीस सेकंद मिळालेत.
अकराव्याला पेडणेकर विचारतो,
"झालं का?"

काढू? मी म्हटलं.
राहू दे.
शेजारी असतोच कोणी.