वाऱ्याची खिंड

ओर्फा ड्रेसलरबाई तराफ्यावर आल्या
तेव्हा सस्केहाना गुडघाभर खोल होती, रुंदी मात्र मैलभर.
सोबत भाच्याचा पोर, केलब,
नुकताच आल्प्स बघून परतलेला.
समोरच्या रांगेकडे बघत म्हणाला,
हे डोंगर? तिथं याला बांध म्हणतात.

सुकाणूवर मी होतो. मी हसलो.
बाई हसल्या नाहीत.
चौतीस वर्षं रस्तेखात्यात
सुरुंगानं उघड्या पडलेल्या थरांचा कल मोजला त्यांनी,
होकायंत्राचं पितळ अंगठ्याखाली झिजेपर्यंत.

म्हणाल्या, माणसाच्या उलट असतं रे.
सुरकुती जितकी ठसठशीत, तितका डोंगर कोवळा.
कमान तिथं शिखर, खोलगा तिथं दरी,
जसं वळलं तसंच अजून उभं, म्हणजे कालपरवाचं काम.
इथं तसं नाही. थांब.

डब्यातून आल्याच्या शिळ्या केकची जाड वडी काढली,
दोन्ही हातांनी वाकवली.
पाठ फुगली, आणि फुगली तिथंच तडकली.
मग उलटी वाकवली, होडीसारखी.
होडीच्या पोटात कण कणाला दाबून बसला.

पाणी तडे शोधतं, म्हणाल्या.
कमान पहिली गेली.
तिच्या जागी आता हर्बचं मक्याचं शेत, चुनखडीवर.
खाली दाबलं गेलं ते घट्ट झालं,
तेच आज उंच.
तू ज्याला बांध म्हणतोस
तो एका दरीचा तळ आहे.

केलबनं तळ खाल्ला.

मधे बराच वेळ नुसतं चाक फिरत राहिलं.
मागे रांगेमागे रांग, सगळ्यांचे माथे एका पातळीत,
कुणी दोरी धरून छाटल्यासारखे.

आणि ही नदी? त्यानं विचारलं. ही वळसा का घालत नाही?
खरंच, पाच रांगा ती आडव्या कापत जाते
घरच्या माणसानं कडी न वाजवता आत यावं तशी.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात,
वय तर त्याहून नाही. बाई विचारतात.
ती आधीपासून होती, डोंगर तिच्या पायाखाली उगवला,
असं काहींचं म्हणणं.
काहींचं, ती वरच्या थरांवर वाहायची,
ते थर गेले, आणि वळणं तशीच अंगावर घेऊन ती खाली उतरली.
मला विचारशील तर
मला ठाऊक नाही, त्या म्हणाल्या, आणि चश्मा पुसला.

मग बोट दाखवलं. माथ्यावर एक खाच, कोरडी.
तिथूनही एक ओढा जायचा.
शेजारचा मऊ दगड उकरत मागं मागं सरकला
आणि याचं पाणी वरच्या वरच वळवून घेऊन गेला.
खिंड राहिली. आता वारा जातो,
सप्टेंबरात ससाणे.

पुढचं वाक्य त्यांनी सुरू केलं, पुरं केलं नाही.
त्यांचा भाऊ एमस ओहायोत गेला, तिथलाच झाला.
त्याच्या खोलीची खिडकी त्या खाचेकडे उघडते,
मला माहीत आहे, काच मीच बसवली होती.

तेवढ्यात तळ घासला.
मी काठी रोवली, केलबनं न सांगता खांदा लावला.
काठीखाली गोटे सरकले, पांढरे, गुळगुळीत,
कुठल्या रांगेचे ते त्यानं विचारलं.
यातले काही, बाई म्हणाल्या, आता नसलेल्या.

उतरताना डबा माझ्यापुढे धरला.
माझ्या वाट्याला कमान आली,
तडकलेली.
परतीच्या फेरीत कॉफीत बुडवून संपवली.