वारं नगं

निपाणीत जुन्या वखारीमागे सोसायटीचा नवा हॉल.
पश्चिमेच्या भिंतीला अजून गिलावा नाही.
दुपारी साडेतीनला मी आधी तिच्यावर तळहात ठेवला.
थर्मामीटर पिशवीत होता,
पण भिंतीशी ओळख अशीच करून घ्यायची,
असं उद्यमबागेतले माझे पहिले साहेब, किणेकर, सांगत.
मग पत्रा मोजला, खिडक्या मोजल्या, ट्यूबलाइट बावीस,
आणि ओळी धरून बसलेल्या बाया: चौसष्ट.

मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात पानं, कात्री, दोरा.
छताला आठ पंखे. आठही बंद.
"लावू का?" म्हटलं, तर पहिल्या ओळीतली मल्लव्वा
मान न उचलता म्हणाली,
"वारं नगं बाई. तंबाखू उडत्या.
उडलेली वजनात धरत न्हाईत."

पायरीवर बसून वही उघडली.
माणसांच्या कोष्टकात बाई म्हणजे
पुरुषाच्या उष्णतेचे पंच्याऐंशी टक्के,
मूल पंच्याहत्तर.
हे मी मोठ्यानं वाचायला नको होतं.
मागून कुणीतरी म्हणालं, "मजुरीगतच की!"
आणि त्या हसण्यानं
हॉल निदान अर्धा अंश तापला असेल.
मी सगळ्यांना शंभर लिहिलं.
"आन् हिला?"
खांबाशी, पोत्यावर, शिवलीलाची लेक निजली होती.
एक ओळ वाढवली. पासष्ट.

आता प्रश्न एवढाच:
आत येते ती उष्णता उचलून न्यायला
मिनिटाला किती घनफूट हवा लागेल.
एक लाख बारा हजार उष्णता,
फरक वीस अंशांचा,
आणि भागायला पुस्तकातला एक पूर्णांक शून्य आठ.
पण तो आकडा समुद्रकाठचा.
तिथली हवा जड, दाबून भरलेल्या पोत्यासारखी.
घाट चढून येईतो आठ शतांश वाटेत सांडतात,
इथे दोन हजार फुटांवर उरतो नुसता एक.
पुस्तकाप्रमाणे पाच हजार एकशे पंच्याऐंशी.
निपाणीप्रमाणे पाच हजार सहाशे.
मधले चारशे पंधरा विसरलेली कार्यालयं
मी बेळगावात पाहिली आहेत.
तिथे अक्षता पडायच्या आधीच
नवरदेव फेट्याच्या शेवानं मान पुसत असतो.

"थंडीचं काय?" हसीनानं विचारलं.
डिसेंबरात सकाळी बोटं आखडतात, दोऱ्याची गाठ बसत नाही.
तेही मांडलं. आठशेत भागतंय.
दोन आकड्यांतला थोरला घ्यायचा,
धाकटा त्याच्या पोटात राहतो.

हिशोब इथे संपतो, असं पुस्तक म्हणतं.
पण पाच हजार सहाशे घनफूट आणायचे कसे,
सुपातली चिमूट न हलवता?
हवा हवी, वारा नको:
हे कुठल्याच सूत्रात नव्हतं.
तीन रात्री मी तोंडं रुंद करत गेले, वेग उतरवत गेले.
शेवटी पत्र्याची नळी सोडून दिली,
छताखाली लांबच लांब कापडी पिशवी शिवून घेतली,
अंगभर बारीक भोकांची.
ठेकेदार म्हणाला, मॅडम, ही लाइन आहे की लेंगा?

एप्रिलात, चालू करायच्या दिवशी,
माझं वेग मोजायचं यंत्र हातातच राहिलं.
मल्लव्वानं तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतली
आणि हात पुढे करून ओळींतून चालू लागली,
देवळात कापूर नेतात तशी.
एक ओळ. दुसरी. खांबाजवळ थांबली.
"हितं उडत्या."
शिडीवरच्या बसवराजनं डँपर फिरवला.
थोडा. अजून थोडा.
तिच्या कानापाशी सुटलेला केस
हलायचा थांबला.
"साकु," ती त्याला म्हणाली,
आणि चिमूट परत सुपात टाकली.