पाय पडला तर

आमच्या मंगोल मुलखात
कुणाच्या पायावर चुकून पाय पडला
तर तिथल्या तिथे हात मिळवायचा.
माफी-बिफी मागायची नाही.
हात केला नाही, तर वैर धरलं असं समजतात.

माझा बाप लुव्सान आणि काका गोंचिग
एका करड्या घोडीवरून नऊ वर्षं बोलत नव्हते.
मोजून सांगते, नऊ.
घोडी मेली त्यालाही चार झाली.

परवा आत्याच्या तंबूत, लग्नाला,
माणसांची ही दाटी, चुलीवर मटण,
आणि बाप चहाचा वाडगा सांभाळत
सरकत सरकत निघाला.
जागा होती. मी पाहिलं ना,
चांगली वीतभर जागा होती.
तरी त्याने आपला जडशीळ बूट
नेमका काकाच्या बुटावर ठेवला.

काका खाली बघत राहिला.
मग दुमडलेली बाही
मनगटापर्यंत ओढून घेतली
(उघड्या मनगटाने हात देत नाहीत आमच्यात)
आणि हात पुढे केला.

"डोळे फुटले का तुझे?"
नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

चहा गालिच्यावर सांडला.
आत्या ओरडतेय, पुसा, पुसा कुणीतरी.
त्या दोघांचा काही
हात मोकळा नव्हता.